पाण्यात भिजवू नये

आत्माराम शेडग्यांनी उभ्या आयुष्यात कधी झाडाला पाणी घातलं नव्हतं. गाव साताऱ्याकडचं, घरची शेतीही होती, पण ती थोरल्या भावांनी पाहिली. हे शिकले, मुंबईला आले आणि फोर्टातल्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत चिकटलेच. पस्तीस वर्षं त्यांनी फायलींना लाल फीत बांधली. माणिकपूरच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत अबोलीच्या बारा कुंड्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण ते एवढ्यापुरतंच, की रविवारी टॉवेल वाळत घालताना त्या पायात यायच्या.

कुंड्या त्यांच्या बायकोच्या, विनयाच्या. विनया वसईचीच, खाडीकाठच्या शेतकरी घरातली. माहेरच्या विहिरीकडेला पिढ्यान् पिढ्या वाढलेली अबोली तिने माणिकपूरला ब्लॉक घेतल्याबरोबर आणून लावली होती. रोज सकाळी आंघोळ झाली की ती गॅलरीत जायची, तुऱ्यांवर त्या दिवशी उमललेली फुलं खुडायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात पाच मिनिटांत गुंफायची आणि अंबाड्यात खोवायची. आत्माराम तेवढ्यात डबा घेऊन बाहेर पडलेले असायचे. घरी यायचे ते दिवेलागण उलटून गेल्यावर. तरी एका रविवारी त्यांनी आपलं मत दिलंच होतं. "ज्याला वास नाही ते फूल कशाला डोक्यात घालायचं? आमच्याकडं मोगरा बघ, लांबून कळतो."

"आणि दुपारी मान टाकतो," विनया म्हणाली होती. "आमच्याकडच्या बायका फुलं माळून भातलावणीला उतरायच्या. संध्याकाळी घरी येईस्तोवर मोगऱ्याचा चिखल झाला असता. ही तीन-तीन दिवस तशीच राहते. बाळंतिणीचं डोकं उठत नाही हिच्या वासानं, आणि देवीच्या ओटीतही चालते. तुम्हाला नाही कळायचं."

नाहीच कळलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला एकदाही त्यांनी वेणी आणून दिली नाही. घरात पिकतंय ते विकत कशाला आणायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. हिशेब बरोबर होता, माणूस चुकला होता. पण हे त्यांना उशिरा कळायचं होतं.

विनयाच्या माहेरी एक रीत होती. मुलीच्या हळदीला तिच्या डोक्यावर जी वेणी चढते, तिच्यातलं फूलनफूल आईने स्वतः वाढवलेल्या अबोलीचं हवं. विकतचं नको, शेजारून मागून आणलेलंही नको. विनयाला तशी वेणी मिळाली होती, तिची थोरली बहीण शकू हिलाही मिळाली होती. त्यांची मुलगी उन्नती दहा वर्षांची होती तेव्हापासून विनया तिला गॅलरीत उभी करून सांगायची, "या कुंड्या माझ्या नाहीत हो, तुझ्या डोक्यावरच्या आहेत. मी नुसती राखण करते."

उन्नतीचं लग्न विरारच्या जितेंद्रशी ठरलं ते सत्त्याण्णवच्या दिवाळीत. डिसेंबरात आत्माराम निवृत्त झाले. आणि जानेवारीत, संक्रांतीचे तिळगूळ डब्यात तसेच असताना, साध्या तापाचं निमित्त होऊन विनया चार दिवसांत गेली.

तेराव्याला आलेल्या वडीलधाऱ्यांनी तिथेच सांगून टाकलं की लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. मुलाकडची माणसं समंजस होती, त्यांनी डिसेंबरातली तेरा तारीख धरली. उन्नती सकाळी कामावर जायची ती रात्रीच्या जेवणाला यायची. मधला सगळा दिवस आत्माराम आणि ते दोन खोल्यांचं घर, दोघंच समोरासमोर.

तेव्हा त्यांनी कुंड्यांना पाणी घालायला सुरुवात केली.

सकाळी चहा स्वतः करावा लागला की विनयाची आठवण यायची. ते उठून एक तांब्या पाणी घालायचे. पेपरातलं काहीतरी वाचून "अगं ऐकलंस का" असं तोंडातून निघायचं आणि पुढचं वाक्य जिभेवरच राहायचं, की पुन्हा एक तांब्या. दुपारी जेवल्यावर, झोप येईना म्हणून, चारला, पाचला. आठवणी काही मोजून येत नाहीत. कुंड्यांखालून पाण्याचे ओघळ गॅलरीच्या कडेपर्यंत जाऊ लागले, खाली पडू लागले. त्या वर्षी सोसायटीत एक दिवसाआड टँकर यायचा. तळमजल्यावर राहणारे सेक्रेटरी फ्रेडरिक एक दिवस तरातरा जिने चढून आले. "शेडगेसाहेब, टँकरचं पाणी आहे ते! माणसांना पुरत नाही आणि तुम्ही..." एवढं बोलून त्यांचं लक्ष आत्मारामांच्या हातातल्या तांब्याकडे आणि मग चेहऱ्याकडे गेलं. "...तुम्ही जरा बघून घाला," असं म्हणून ते आले तसे खाली उतरले.

अबोलीला पाणी लागतं, पण पाण्यात उभं राहणं तिला सोसत नाही. आधी पानं पिवळी पडली. आत्मारामांना वाटलं तहान लागली असेल, त्यांनी तांब्याची बादली केली. मग बुंधे काळे पडले, बोटाने ढकललं तरी कलू लागले, आणि होळीच्या आधी बाराच्या बारा झाडं बसली. आत्मारामांनी ती एकेक उपटली. मुळं कुजून बोटाला चिकट लागत होती. बायको सोपवून गेलेली एकच गोष्ट आपण दोन महिन्यांत बुडवून मारली, हे त्यांना तिथे उकिडवं बसल्या बसल्या लख्ख कळलं.

संध्याकाळी उन्नतीने विचारलं, "कुंड्या कुठं गेल्या?"

"शकूमावशीकडं पाठवल्यात," आत्माराम म्हणाले. "इथं ऊन लागतंय त्यांना."

पस्तीस वर्षांत त्यांनी एका कागदावर खोटी नोंद केली नव्हती. हे पहिलंच खोटं, आणि तेही पोटच्या मुलीशी. उन्नतीने मान हलवली आणि ती पोळ्या लाटायला गेली.

पुढचा सगळा महिना तो विषय घरात निघाला नाही. आत्माराम मात्र आतून पोखरले जात होते. डिसेंबरात मुलगी विचारणार, वेणी कुठाय? आणि आपण काय सांगणार?

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्यांनी साखरेसाठी फळीवर हात घातला, तर साखरेच्या पुढ्यातच एक लहानसा पत्र्याचा डबा. झाकणावर चिकटपट्टीखाली कागदाचा तुकडा आणि त्यावर विनयाचं अक्षर, 'अबोली'. आत वाळलेल्या, तपकिरी, गव्हाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, टोकदार शेंगा. मोजल्या तर बावीस. आत्माराम डबा छातीशी धरून स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. मेलेलं माणूस असं फळीवर काहीतरी मागे ठेवून जातं, आणि आपण तीन महिने रोज त्याच फळीवरून चहापत्ती काढतो. बी आहे म्हणजे झाड आहे. झाड आहे म्हणजे वेणी आहे. त्यांनी बोटं मोजली. मे ते डिसेंबर, सात महिने.

आता यापुढे जे घडलं त्याला वेंधळेपणा म्हणायचं की संस्कार, तुम्हीच ठरवा. आत्मारामांची आई गावाकडे कुठलंही बी कोरडं मातीत टाकायची नाही. भोपळा, कारलं, दोडका, सगळं आधी कोमट पाण्यात भिजत पडायचं. "भिजलेलं बी लवकर शहाणं होतं," म्हणायची. तेवढी एक शेतीविद्या आत्मारामांनी शाबूत ठेवली होती. त्यांनी पाणी कोमट केलं, पोळलं तर नाही ना म्हणून करंगळी बुडवून पाहिली, काचेच्या मोठ्या वाडग्यात ओतलं, वाडगा गॅलरीच्या कठड्याशी स्टुलावर नेऊन ठेवला आणि बावीसच्या बावीस शेंगा त्यात सोडल्या. मग समाधानाने खुर्ची ओढून शेजारी बसले.

मिनिटभर काही झालं नाही.

मग 'टिक'. काहीतरी चष्म्याच्या काचेवर आपटलं. आत्माराम दचकले. 'टिक, टिक'. वाडग्यात पाणी उसळलं. एक शेंग उभी चिरली, तिने आतलं बी पार दारापर्यंत फेकलं. आणि मग काय, फोडणीत मोहरी पडावी तसा तडतडाट सुरू झाला. बिया टॉवेलवर, बिया भिंतीवर, बिया कठड्यावरून खाली. आत्मारामांनी वाडग्यावर आधी हात धरला, मग वर्तमानपत्र, मग धावत जाऊन ताट आणलं. ताट झाकलं तेव्हा आत शांत झालं होतं. शेंगा सगळ्या उकलून रिकाम्या तरंगत होत्या.

गॅलरीभर गुडघ्यांवर रांगून, केरसुणीच्या काडीने फटी उकरून त्यांनी एकतीस बिया गोळा केल्या. बाकीच्या खाली. ते जिना उतरून धावले. खाली फ्रेडरिकची बायको सेलिन हिने वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या चादरीवर वाळत घातल्या होत्या, आणि अबोलीचं बी नेमकं त्यातच पडलं होतं. आत्माराम काही न सांगता चादरीवर ओणवे झाले आणि मिरच्या चिवडू लागले. दारातून सेलिन ओरडली, "अहो, काय हरवलं? अंगठी पडली का?"

"बी," आत्माराम म्हणाले. "विनयाचं बी."

सेलिन पुढे काही न विचारता शेजारी येऊन बसली. मिरचीचं बी पिवळं, अबोलीचं तपकिरी, चपटं. दोघं तासभर निवडत होते. आत्मारामांना शिंका लागल्या, नाक वाहू लागलं, डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्या थांबेचनात. शिंका थांबल्या तरी थांबेनात. जानेवारीपासून ते एकदाही रडले नव्हते.

"मिरची लागली," ते म्हणाले.

"लागतेच," सेलिन म्हणाली, आणि पदराआड तोंड करून बिया शोधत राहिली. तिला नऊ सापडल्या. तिने त्या कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हातात दिल्या.

एकतीस आणि नऊ, चाळीस. पुडी खिशात घालून आत्माराम दुसऱ्या दिवशी रिक्षाने खाडीकाठच्या गावी शकूच्या दारात जाऊन उभे राहिले. शकू पासष्टीची, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण जीभ तल्लख. त्यांनी सगळं सांगितलं. शेंगा उडाल्याचं ऐकून ती एवढी हसली, की ओटीवरच्या खांबाला धरून बसली. "भावजी, अवो, शेंगेला थुंकीचं बोट लावलं तरी ती उडते! पोरं हातावर ठेवून खेळतात. नि तुमी वाडगाभर पान्यात सोडल्या?"

"मला काय माहीत शकूताई. मी कधी घरी होतो?"

शकूचं हसू ओसरलं. "आनि कुंड्या? त्या बारा?"

आत्मारामांनी तेही सांगितलं. तांबे, बादली, काळे बुंधे, उन्नतीशी बोललेलं खोटं. शकूने अंगणाकडे बघितलं. अंगणापलीकडे विहीर होती आणि विहिरीच्या कडेने तिची स्वतःची अबोली केशरी फुलली होती.

"यातली रोपं दिली असती तुमाला," ती म्हणाली. "पन मंग ती मावशीची झाली. पोरीला आईची पायजे. तुमच्या पुडीतलं बी तिच्या हातचं हाय, त्यालाच उभं करा."

मग तिने त्यांना सगळं शिकवलं, आणि आत्मारामांनी ते खिशातल्या वहीत उतरवून घेतलं. माती भुसभुशीत हवी, तीत जुनं शेणखत आणि भाताचं तूस. वाळू घालायची तर नदीची, खाडीची नको, ती खारट. बी खोल पुरायचं नाही, वरून चिमूटभर मातीची चादर. ऊन सकाळचं, दुपारी सावली. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. वाळका तुरा झाडावर ठेवायचा नाही, नाहीतर झाड बियांत गुंततं आणि फुलं विसरतं. फक्त एकेक तुरा बियांसाठी राखायचा. आणि पाणी घालायच्या आधी मातीत बोट खुपसून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच घालायचं.

आत्माराम निघाले तेव्हा तिने त्यांना दारातून पुन्हा हाक मारली. "भावजी, आनि एक लिवून घ्या. तिची आठवन आली ना, का नुसतं बसा. पानी घालू नका."

हे मात्र त्यांनी वहीत लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

चाळीसातल्या एकोणीस बिया उगवल्या. घरात पहिल्यांदाच असं झालं की आत्मारामांना सकाळी उठायला कारण मिळालं. आठवण आली की ते कुंड्यांजवळ खुर्ची टाकून बसायचे, हात मांडीखाली दाबून, म्हणजे तांब्याकडे जायला नकोत. नुसतं बसून काय करणार, म्हणून हळूहळू बोलू लागले. पेपरातलं सांगायचं, भाजी काय केली ते सांगायचं. विनया असताना जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या पावसाळ्यात बोलून झालं. उन्नतीला एवढंच सांगितलं, की आईच्या डब्यातलं बी लावलंय. जुन्या कुंड्यांचं तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जुलैत चार दिवस आडवा पाऊस लागला, तेव्हा त्यांनी सगळ्या कुंड्या उचलून बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांवर मांडल्या. उन्नती त्यांतून पाय उचलत उचलत दारापर्यंत जायची. तरी पाच रोपं गेली. आणखी तीन मुळांना गाठी धरून सुकली. अकरा राहिली. शेंडे खुडायची वेळ आली तेव्हा आत्मारामांचा हात धजेना. जगलेल्या रोपाचं डोकं कसं तोडायचं? शेवटी डोळे मिटून खुडले. पंधरा दिवसांत एकेका रोपाला चार-चार फांद्या फुटल्या. नवरात्रात पहिला तुरा उमलला, खालून वर, दोन फुलं एका दिवशी आणि दोन दुसऱ्या दिवशी. ती फुलं त्यांनी खुडून विनयाच्या फोटोला वाहिली नाहीत. झाडावरच राहू दिली, आणि फोटोच खुर्चीत नेऊन ठेवला थोडा वेळ.

मग नवीच अडचण आली. वेणी गुंफायची कुणी? ते काम शकूचं, पण ऑक्टोबरात तिने सुई ओवून बघितली आणि नाद सोडला. डोळ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी थंडीनंतर सांगितलं होतं. "तुमीच करा," ती म्हणाली. "रीत फुलांची हाय, हाताची नाय. गाठ मारता येते ना तुमाला?"

गाठ! पस्तीस वर्षांत आत्मारामांनी आणखी दुसरं काय केलं होतं? तरी फायलीची गाठ हजार कागद धरते, आणि अबोलीचा देठ म्हणजे केसाएवढा. ओढली की तुटतो, सैल सोडली की घसरतो. वाळकं केळीचं सोपट भिजवून त्याचे दोरे काढायचे, देठांची जुडी धरायची, एक वेढा, आतून टोक, आणि अलगद ओढ. फुलं वाया घालवायला नकोत म्हणून ते कोथिंबिरीवर शिकले. महिनाभर त्या घरात रोज कोथिंबिरीची वेणी व्हायची आणि संध्याकाळी तिची चटणी. उन्नती जेवताना ताटात सोपटाचे तुकडे शोधायची आणि गालात हसायची.

हळद बारा तारखेची. दहा, अकरा आणि बारा अशा तीन सकाळी आत्मारामांनी फुलं खुडली. पहिल्या दोन दिवसांची ओल्या केळीच्या पानात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. अकराच्या दुपारीच त्यांना अंदाज आला की पुरत नाहीत. अंबाड्याला पूर्ण वेढा द्यायचा तर अडीचशे-तीनशे फुलं हवीत, आणि अकरा झाडं राबून राबून देणार दीडशे. ते चपला घालून स्टेशनाकडच्या बाजारात गेले. फुलवालीच्या टोपलीत अबोलीचा ढीग होता, त्यांच्या फुलांहून टपोरा. "किती देऊ, बाबा?" तिने विचारलं. कुणाला कळणार होतं? निम्मी आपली, निम्मी ही, दोन्ही केशरी. आत्माराम टोपलीसमोर उभे राहिले. एक खोटं होळीपासून त्यांच्या छातीवर बसलं होतं, त्याच्यावर दुसरं रचायची ताकद त्यांच्यात नव्हती. ते रिकाम्या हाताने परत आले.

बाराच्या सकाळी गुंफून झालेली वेणी वीतभर आणि वर चार बोटं भरली. शकूने ती हातांनीच चाचपली.

"आखूड झाली," आत्माराम म्हणाले.

"आखूड चालंल, उसनी नको," शकू म्हणाली, आणि पाटावर बसलेल्या उन्नतीच्या अंबाड्याला तिने ती खोवली. निम्म्या अंबाड्यालाच पुरली. ब्युटी पार्लरच्या मुलीने पिशवीतून भलीमोठी वेणी काढली होती. उन्नतीने तिला खुणेनेच नको म्हटलं. मग मागे हात नेऊन तिने वेणी चाचपली, एक गाठ बोटांत धरली आणि म्हणाली, "ही गाठ ओळखते मी. माझ्या शाळेच्या पुस्तकांना असायची."

बायका हसल्या. आत्माराम लगबगीने पाण्याची व्यवस्था बघायला निघून गेले, जी सेलिनने केव्हाच केली होती.

दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा उन्नती हळदीच्या अंगानेच गॅलरीत आली. आत्माराम कुंड्यांपाशी होते. त्यांनी खिशातून तोच पत्र्याचा डबा काढला. राखलेल्या तुऱ्यांवर जेवढ्या शेंगा वाळल्या होत्या, तेवढ्या त्यांनी त्यात भरल्या होत्या. विनयाचा कागद काढला नव्हता. त्याच्याखाली दुसरी पट्टी लावली होती, कचेरीच्या वळणदार अक्षरात.

उन्नतीने मोठ्याने वाचलं. "बी, यंदाचे. पाण्यात भिजवू नये." ती खळखळून हसली. हसता हसता थांबली. "बाबा, हा डबा फळीवर पुढं मी ठेवला होता."

"तू?"

"आई मागं ठेवायची, डाळींच्या आड. होळीला मी मावशीकडं गेले होते. तिथं एकही कुंडी नव्हती."

आत्माराम म्हणाले, "मग बोलली का नाहीस? भांडायचंस माझ्याशी."

"तुम्ही जेवत नव्हता नीट. कुणाशी बोलत नव्हता. म्हटलं, हाताला काहीतरी लागू दे."

"अगं, मग एवढं तरी सांगायचंस, की भिजवू नका म्हणून! खालच्या मिरच्या चिवडल्या मी तासभर."

"तुम्हाला माहीत नसेल असं माझ्या मनातच आलं नाही," उन्नती म्हणाली. "रोज खेळायचो की आम्ही. मी शाळेतून आले की आई तळहातावर शेंग ठेवायची, वर एक थेंब टाकायची आणि आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो. ज्याच्याकडं बी उडेल, त्याच्याकडं पाहुणा येणार. आई म्हणायची, माझ्याकडं उडालं तर बाबा आज लवकर येतील."

आत्माराम डब्याचं झाकण काढून आत बघत राहिले. अठ्ठावीस वर्षं ते या घरात राहिले होते, आणि या घरात रोज संध्याकाळी त्यांची वाट बघण्याचा एक खेळ चालायचा, हे त्यांना आज कळत होतं. ते लवकर आले होते असा एकही दिवस त्यांना आठवेना. या वेळी जवळपास कुठे मिरची नव्हती. डोळ्यांतलं पाणी चष्म्याखालून घरंगळलं आणि टपकन डब्यात पडलं.

"बाबा, झाकण लावा, भिजतील," उन्नती म्हणाली. पण झाकण कुणीच लावलं नाही. दोघंही त्या एका ओल्या शेंगेकडे श्वास रोखून बघत राहिली.

'टिक'.

बी उडालं ते उन्नतीच्या गालावरच्या ओल्या हळदीत जाऊन रुतलं. आत्मारामांनी ते काढायला हात पुढे केला.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "माझ्याकडं उडालंय. म्हणजे तुम्हीच यायचं आता विरारला, आणि लवकर यायचं."